पाय वर धरा, जद्दा

"एक," टीव्हीतली मुलगी म्हणाली. "दोन. तीन. शाबास, जद्दा! मी सांगेपर्यंत पाय खाली आणायचा नाही हं. चा—"

तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पडद्याच्या मधोमध पांढरं कडं गरगर फिरू लागलं.

त्या मुलीची जद्दा, म्हणजे आजी, हाज्जा तकिय्या गादीवर उताणी पडलेली होती आणि तिचा उजवा पाय वीतभर वर होता. पाय थरथरत होता, पण खाली येत नव्हता.

"अम्मा, पाय खाली घ्या," हूरिया म्हणाली.

"ती कुठे म्हणाली अजून?"

"ती अडकलीय. बंद पडलंय ते."

"पडलं असेल. पण मी सांगेपर्यंत नाही, असं बजावून गेलीय ना ती?"

"अहो, थरथरतोय पाय तुमचा!"

"माझाच थरथरतोय ना? तुझा तर नाही?"

शेवटी हूरियाने सासूचा पाय दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलाला पाळण्यात ठेवावं तसा हळूच गादीवर ठेवला. मग तिने काळा झगा कमरेला खोचला आणि जिना चढायला लागली. येमेनमधल्या सानाच्या जुन्या शहरातलं उभंच्या उभं दगडी घर ते. पायऱ्या गुडघ्याला लागतील एवढ्या उंच. पहिला मजला सासूचा, दुसरा तिचा आणि नवऱ्याचा, मुतह्हरचा, तिसरा धाकट्या जावेचा, नबीलाचा, त्यावर बैठकीची खोली आणि त्यावर गच्ची. गच्चीच्या दाराशी, बॅटरीशेजारच्या कोनाड्यात, तळहाताएवढा तो कॉम्प्युटर बसलेला असे. ती धापा टाकत तिथे पोहोचली तेव्हा त्याचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता, जणू काही झालंच नाही. ती परत खाली उतरली. खाली टीव्हीतली इब्तिहाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, "अस्सलामु अलैकुम, माझी लाडकी जद्दा. आधी बिस्मिल्ला म्हणा."

हाज्जा बिस्मिल्ला म्हणाली. तिसऱ्यांदा. त्या एका दुपारी.

हूरिया शिकली बेताचीच, पण यंत्रांपुढे ती कधी हरली नव्हती. नऊ वर्षांची असताना तिने बापाचा रेडिओ खोलला होता. मार बसला, पण रेडिओ आधीपेक्षा खणखणीत वाजू लागला, म्हणून दुसऱ्या दिवशी बापानेच शेजाऱ्याचा रेडिओ तिच्यापुढे आणून ठेवला. पुढे बावीस वर्षं ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळत आली होती. आळीतल्या बायका बिघडलेलं काहीही तिच्याकडे आणत आणि जाताना म्हणत, "अल्लाह तुझ्या हातांना बरकत देवो." हूरियाला हे ऐकायला आवडे. देवाने आपल्याला रूप दिलं नाही, पैसा दिला नाही, पण दहा बोटांत काहीतरी ठेवलं आहे, असं ती मनाशी धरून होती. नमाजानंतर तिची पहिली दुवा मुलीसाठी असे आणि दुसरी या बोटांसाठी.

वीज गेली ती अशी गेली की लोकांनी तिची वाट पाहणंच सोडलं. घरोघरी गच्चीवर उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या बसल्या. मुतह्हरने बाजारातल्या आपल्या मनुका-बदामांच्या दुकानातून साठवून दोन पाट्या आणि एक बॅटरी घेतली. तेवढ्यात दिवे, एक पंखा, एक लहानसा फ्रिज आणि दिवसातून थोडा वेळ टीव्ही. इंटरनेट तर असं की एक गाणं उतरवायला घातलं तर मधे सैपाक होऊन जाई. म्हणून हूरियाने हा कॉम्प्युटर मागवला. झोपताना लावायच्या मिणमिण्या दिव्याएवढीच वीज तो खाई. त्याला तिने एक डिस्क जोडली. घरातले पाठ, प्रवचनं, लग्नांच्या फिती, मुलांची चित्रं असं सगळं त्या डिस्कवर. ज्याला हवं त्याने आपापल्या मजल्यावरच्या टीव्हीवर बघावं. वायरलेसचं मात्र जमलं नाही. भिंती हातभर जाडीच्या, एका मजल्याचा सिग्नल दुसऱ्यावर उतरेना. मग वायर टाकायची ठरली.

"भिंतीला भोक पाडायचं नाही," मुतह्हर म्हणाला. "माझ्या पणज्याने चुना लावलाय त्या भिंतीला."

"मी कुठे पाडते?" हूरिया म्हणाली. आणि तिने खरंच एकही भोक पाडलं नाही. वायर तिने अशा शिताफीने वरून खाली आणली की मुतह्हर चार दिवस येईल त्या पाहुण्याला दाखवत होता.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. कधीतरी अडकायचं, मुलं ओरडायची, पुन्हा चालू व्हायचं. कुणी मनावर घेतलं नाही.

मग हाज्जा जिन्यात पडली. खुबा मोडला. डॉक्टरने आत सळई घातली आणि सांगितलं, "हाड जुळेल, पण पाय चालवला पाहिजे. सहा आठवड्यांत ही उभी राहिली नाही, तर मग राहायची नाही."

हूरियाचा थोरला दीर हमूद शहराच्या नव्या भागात राही. तळमजल्यावरचं घर, जिना नाही, टाइल्सची फरशी. इस्पितळाच्या दारातच त्याने ठरवून टाकलं. "अम्माला मी नेतो."

"मला नेतो म्हणजे?" हाज्जा खाटेवरून कडाडली. "मी काय मनुकांचं पोतं आहे?"

हमूद वाईट नव्हता. पण त्याच्या घराच्या खिडकीतून समोरची भिंत दिसे. इथे हाज्जाला मशिदीचे दोन मनोरे, शेजारच्या पाच घरांच्या खिडक्या आणि त्या खिडक्यांतल्या बायका दिसत. एकसष्ट वर्षं ती या घरात होती. आणि हूरिया एकतीस वर्षं तिच्याबरोबर. सुरुवातीची दहा भांडणात गेली, पुढची एकवीस कशी गेली ते दोघींनाही सांगता आलं नसतं. शेवटी हमूद म्हणाला, "बरं. ईदनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी येतो. उभी दिसली तर राहू दे. नाहीतर गाडीत गादी घालूनच येईन."

हूरियाची मुलगी इब्तिहाल दूर मुकल्ला शहरातल्या इस्पितळात लोकांना चालायलाच शिकवते. आजी पडल्याचं कळताच तिने पंचवीस मिनिटांची फीत स्वतः काढली. बोटाच्या नखाएवढ्या कार्डात घालून ते कार्ड बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं. फितीचे तीन भाग. पहिला पडून करायचा, दुसरा गादीच्या कडेला बसून, तिसरा खुर्ची धरून उभं राहून. हाज्जाच्या खोलीतला टीव्ही मोठा. त्याच्या पेनड्राइव्हच्या खाचेत नबीलाच्या धाकट्याने दोन वर्षांपूर्वी नाणं कोंबलेलं, ते काही निघालं नाही. मोबाइलवर हाज्जाला मुंगीएवढी नात दिसे. "ही माझी इब्तिहाल नाही," ती म्हणे. मोठा कॉम्प्युटर घरात नव्हता आणि हा लहानगा खाली आणला तर खालच्या तारेत तेवढा दाब नसे, तो चालू होऊन होऊन बंद पडे. तेव्हा फीत वरूनच खाली यायला हवी होती.

वेळही एकच. दुखण्याची गोळी दुपारच्या जेवणावर, ती लागू पडे असरच्या नमाजाच्या सुमाराला. सकाळी हूरिया शाळेत. रात्री टीव्ही चालेल एवढी वीज बॅटरीत उरत नसे. म्हणून असर ते मगरिब, तिसऱ्या प्रहरापासून सूर्यास्तापर्यंत, एवढाच काय तो अवधी.

आणि नेमकं त्याच वेळात ते बंद पडे. एकदा, तीनदा, एखाद्या दिवशी पाचदा. त्या टीव्हीला कुठवर बघून झालं ते लक्षात ठेवता येत नसे. बंद पडलं की पुन्हा बिस्मिल्लापासून. पुढे पळवायला गेलं तर कायमचं अडके. तीन आठवड्यांत हाज्जाने पहिला भाग साठेक वेळा केला. दुसरा चार-पाचदा. तिसरा एकदाही नाही.

"फितीशिवाय करू या का?" हूरियाने एकदा विचारलं. "मला पाठ आहे."

"तुला पाठ आहे?"

"थोडंफार."

त्या थोड्याफारात हाज्जा खुर्चीसकट कलंडता कलंडता राहिली. त्यानंतर हाज्जाने साफ सांगून टाकलं, "इब्तिहाल सांगेल तेव्हा उभी राहीन. तू मिक्सर दुरुस्त कर."

हूरियाने काय काय करून पाहिलं! गच्चीवरच्या पाट्या दोनदा धुतल्या. दुपार कलली की ऊन कमी होतं, बॅटरी दम टाकत असेल, असं वाटलं म्हणून पंखा बंद ठेवला, फ्रिज बंद ठेवला, एक दिवस शफूतच्या भाकरीवर घालायचं दही आंबून गेलं आणि मुतह्हर ताटावरून उठला. कॉम्प्युटर तापत असेल म्हणून त्याच्या डोक्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं ठेवलं. फीत जड आहे, एवढ्याशा यंत्राला ओढवत नसेल, म्हणून ती हलकी करायला घातली. ते काम त्या बिचाऱ्याने एकोणीस तास केलं. शेवटी इब्तिहालचं नाक चौकोनी झालं, पण अडकायचं ते अडकलंच. शहराच्या नव्या भागात जाऊन नवं कार्ड आणलं, सगळं पहिल्यापासून भरलं. जिन्यात मजल्यामजल्याला सिग्नल वाटून देणारं एक खोकं होतं, त्यात वायरीचा प्लग बसे, त्याची चिमुकली प्लॅस्टिकची जीभ केव्हाच तुटली होती. तिथे शिवणाचा दोरा गुंडाळला.

चीड याची यायची की ती तपासायला बसली की सगळं ठीक. सकाळी शाळेला जायच्या आधी लावून पाही, पंचवीसच्या पंचवीस मिनिटं इब्तिहाल घडाघडा बोले. रात्री इशाच्या नमाजानंतर उरल्यासुरल्या विजेवर दहा मिनिटं लावून पाही, तरी ठीक. असर झाली, हाज्जाचा पाय वर गेला, तीन झाले, आणि चा—

"या रब," ती गच्चीवर एकटीच म्हणे, "माझं काही चुकतंय का? चुकत असेल तर सरळ सांग. असं मधे मधे अडकवून नको."

हाज्जाचं म्हणणं वेगळंच होतं. ते तिने पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं.

"पोरगी लाजाळू आहे गं. माणसं आली की गप्प बसते."

"कोण?"

"इब्तिहाल. लोकांसमोर बोलत नाही. चांगलं वळण लावलंयस."

भेटायला आलेल्या बायका हसून हसून लोळल्या. शेजारच्या उम्म सलीमने ओढणीने डोळे पुसले. "हाज्जा, ती टीव्हीत आहे! तिला काय कळतं कोण आलं ते?"

"तुला कळत नाही ते तिला कळतं," हाज्जा म्हणाली.

हूरियाही हसली. मग जिन्यात येऊन तिने डोळे पुसले, कारण म्हाताऱ्या माणसाचं डोकं हळूहळू असंच निसटायला लागतं, हे तिने आईच्या वेळी पाहिलं होतं.

चौथ्या आठवड्यात तिला आरोपी सापडला. असरच्या वेळीच नबीलाची तिन्ही मुलं शिकवणीहून येत आणि चित्रं लावून बसत. एक लहान यंत्र, दोन टीव्ही. गणित सुटलं. हूरिया तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेली.

"नबीला, असर ते मगरिब मुलांना काही बघू देऊ नकोस."

"का हो भाभी? बॅटरी संपते?"

"अम्माची फीत अडकते. तुझ्या मुलांमुळे."

नबीला पिठाच्या हातांनी उभी राहिली. "अडकते ते माझ्या मुलांमुळे? दूध नासलं तर माझ्या मुलांमुळे, नाणं अडकलं तर माझ्या मुलांमुळे—"

"नाणं तुझ्याच मुलाने अडकवलं!"

"तीन वर्षांचा होता तो! तुमच्यासारखी बोटं नव्हती त्याला, अल्लाहने बरकत दिलेली!"

हे लागलं. हूरिया तडक वळली. गच्चीवर गेली आणि मुलांची सगळी चित्रं कॉम्प्युटरमधून काढून टाकली. कायमची नाही, दुसरीकडे ठेवली, पण ते मुलांना कुठे माहीत? संध्याकाळभर वरून रडण्याचा आवाज येत होता. नबीलाने त्या दिवसापासून आपली भाकरी वेगळी भाजायला सुरुवात केली. एकाच तंदूरवर दोघी असत त्या, चौदा वर्षं.

दुसऱ्या दिवशी असरला इब्तिहाल पुन्हा चारवर अडकली.

हूरियाने रिमोट गादीवर आपटला.

"माझ्या पायावर नको," हाज्जा म्हणाली. "तो आधीच मोडलाय."

आणि मग एक दिवस फीत अडकलीच नाही.

आळीतल्या साऱ्या बायका उम्म सलीमच्या भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. घर शांत. असर झाली. हाज्जाने पाय वर धरला. चार, पाच, सहा. दोघींनी श्वास रोखून धरले होते. दहा! पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला, तो संपला. इब्तिहाल म्हणाली, "आता माझी जद्दा उभी राहणार. अम्मी, तू डाव्या बाजूला उभी राहा. खुर्ची भिंतीला टेकव."

हूरियाने खुर्ची भिंतीला टेकवली. टीव्हीतून तिची मुलगी तिला सांगत होती आणि ती ऐकत होती. हाज्जाने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर रोवले. तोंडाने काहीतरी पुटपुटली. आणि उभी राहिली. पाच मोजेपर्यंत. मग बसली, आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "उंच झाली का गं ही खोली?"

हूरियाला वाटलं, सुटलं एकदाचं. पाट्या धुतल्या त्याने, की कार्डाने, की दोऱ्याने, कोण जाणे. तिने आभाराची नमाज पढली. शुक्रवारला बारा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी असरला ती भांडी घासायचं पाणी घेऊन जिन्यात होती. खोलीत इब्तिहाल बोलत होती. एक, दोन. खाली दारावर थाप पडली. तिने जिन्यातल्या खिडकीतून डोकावून विचारलं, "कोण?"

"मी गं, उम्म सलीम. लग्नाची मिठाई आणलीय."

हूरियाने बादली खाली ठेवली आणि हात लांब करून दोरी ओढली. ही दोरी त्या घराइतकीच जुनी. वरच्या बैठकीपासून प्रत्येक मजल्याच्या भोकातून ती खाली जाते आणि रस्त्यावरच्या दाराचा लाकडी अडसर उचलते. चार मजले उतरून दार उघडायला जातो कोण? हात निसटू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर तिला एक गाठ. दिवसातून वीस वेळा, तीस वेळा ही दोरी ओढली जाते. श्वास घेतल्यासारखी. आपण श्वास घेतो हे कुणाच्या लक्षात असतं?

दोरी वर सरकली. आणि दोरीबरोबर, त्याच भोकातून, राखाडी वायरही वर सरकली. गाठीने तिला ढकललं होतं. वायर हिसका बसल्यासारखी ताणली गेली, वरच्या खोक्यातला प्लग जरासा उचलला गेला आणि खोक्याचा हिरवा दिवा विझला. दोरी सुटली, वायर खाली घसरली, प्लग आपोआप जागी टेकला. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागला. जणू काही झालंच नाही.

खोलीतून हाज्जाचा आवाज आला. "गप्प बसली बघ. कोण आलंय?"

हूरिया ओल्या पायरीवर तशीच बसली.

भोक पाडायचं नाही म्हणून वायर दोरीच्या भोकांतून आणायची अक्कल तिचीच. चार वर्षं ती त्या अकलेवर खूश होती. आजाऱ्याला भेटायला बायका असरनंतरच येतात. जितका जीव लावणाऱ्या बायका, तितक्या थापा, तितक्यांदा दोरी. सकाळी कुणी येत नाही, रात्री कुणी येत नाही. कालच्या दिवशी सगळ्या लग्नात. आणि हे सगळं, सगळं, गादीवर पडलेल्या म्हातारीने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. माणसं आली की गप्प बसते.

उम्म सलीम मिठाईचं ताट घेऊन वर आली. "इथे काय बसलीस गं? पाय मुरगळला?"

"नाही," हूरिया म्हणाली. "अक्कल."

संध्याकाळी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. नबीला पाठमोरी होती.

"नबीला, मुलांची चित्रं परत घातलीयत."

"बरं."

"त्यांच्यामुळे नव्हतं होत."

"बरं."

"माझ्यामुळे होत होतं."

नबीला वळली. "हे तुम्ही बोलला ते जरा फितीत भरून ठेवा," ती म्हणाली, "म्हणजे रोज बघेन." मग तिने कॉफीच्या सालांच्या किशरची किटली विस्तवावर ठेवली, पण पेला एकच काढला. दुसरा काढायला तिला अजून चार दिवस लागले.

कारण सापडलं म्हणजे काम झालं, असं नव्हतं. चार वर्षांत वायर आणि दोरी एकमेकींत अशा पिळल्या होत्या की वायर बाहेर काढायची तर कापावी लागणार. नवी टाकायची तर नवे प्लग दाबून बसवणारी पकडीसारखी सांडशी हवी. ती ज्याच्याकडे मिळे तो दुकानदार ईदला गावी गेलेला, शुक्रवारनंतर येणार. प्लगला दोरा बांधला, डिंक लावला, मेण लावलं. गाठीचा जोर दोऱ्याला जुमानेना.

"मग दोरी ओढू नका," मुतह्हर म्हणाला. कात नावाच्या नशिल्या पाल्याने त्याचा गाल फुगलेला होता. असरनंतर त्याला सगळे प्रश्न सोपे वाटत.

"आणि दार?"

"उघडं ठेवा."

"उघडं दार ठेवायला हे काय सराय आहे? आणि आजाऱ्याला बघायला आलेली बाई दारात तिष्ठत ठेवायची?"

तेव्हा उरला एकच उपाय. असरची नमाज झाली की हूरिया फीत लावून देई, नबीलाला सासूच्या डाव्या बाजूला उभं करी, आणि स्वतः अंधाऱ्या जिन्याने उतरून तळमजल्यावर, जात्याशेजारच्या दगडावर बसे. थाप पडली की हाताने अडसर काढायचा. तिथे धान्याचा आणि जुन्या गाढवाच्या खोगिराचा वास. तिचे गुडघे दुखत. वर तिच्या मुलीचा आवाज चाले, नीट ऐकू येत नसे, फक्त चाल कळे. एक, दोन, तीन. चार आला की ती मुठी आवळे. पाच आला की सोडे. सासू उभी राहते आहे, किती वेळ, कशी, हे तिला दिसत नव्हतं. तिने ज्यासाठी एवढी यातायात केली ते बघायला जाऊबाई होती आणि ही दाराशी. बायका आत शिरताना विचारत, "हूरिया, तू दारवान केव्हापासून?" ती म्हणे, "चार वर्षांपासून. मला कळलं परवा."

मोजत बसायचं तर ती तसबी ओढी. एकेका मण्याला अल्लाहचं नाव, आणि मधे मधे, अल्लाह माफ करो, त्या वायरीला शिवी.

शुक्रवार आला. हमूद मगरिबनंतर येणार होता. असरला हूरियाने फीत लावली, पण आज खरंच कॉम्प्युटरने मान टाकली. ऊन नव्हतं, सकाळपासून धूळ उडत होती. ती नबीलाला म्हणाली, "मी वर जाऊन चालू करते. तोवर दोरीला हात लावायचा नाही कुणी. कुणीही."

गच्चीवर तिने बॅटरीवरची बाकीची सगळी कनेक्शनं काढली, एकटा कॉम्प्युटर ठेवला. हिरवा दिवा लागला. खालून इब्तिहालचा सलाम ऐकू आला. हूरियाने "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच खाली रस्त्यावर दार वाजलं. जोरात. पुरुषाची थाप.

"थांबा!" ती वरून ओरडली. "मी येते! दोरी ओढू नका!"

तिच्या डोळ्यांदेखत दोरी सरकली. एकदा हिसका, मग सावकाश, लांब. खाली इब्तिहालचा आवाज तुटला.

"नबीला!" ती एकेक मजला उतरत गरजली. "एक गोष्ट सांगितली होती! एक! आज शुक्रवार आहे! आजच्या दिवशी तरी—"

तिसऱ्या मजल्यावर नबीला जिन्यातच भेटली, मुलाचं नाक पुसत. "मी काय केलं?" ती म्हणाली. "हा पडला म्हणून आत्ता वर आले."

"मग खाली कोण आहे?"

दोघी धावत उतरल्या.

पहिल्या मजल्याच्या जिन्यात हाज्जा तकिय्या उभी होती. एक हात भिंतीच्या चुन्यावर, दुसऱ्या हातात दोरीची गाठ. खुर्ची खोलीत राहिली होती, गादीपासून इथवर सात-आठ पावलं होती. डोक्यावरचा रुमाल तिरका झाला होता. पाय थरथरत होता, पण वाकत नव्हता.

"अम्मा!"

"ओरडतेस काय? दाराशी हमूद आहे. त्याची थाप मला कळत नाही का? लहानपणापासून दार मोडायला निघाल्यासारखी ठोकतो. तू गच्चीवर, ही वर. मग दार कोण उघडणार? शेजारीण?"

खालून हमूदचा आवाज चढत येऊ लागला. घरात बायका आहेत, त्यांनी सावरून घ्यावं म्हणून तो पायरीगणिक म्हणत होता, "अल्लाह... अल्लाह..." वळणावर त्याने मान वर केली, आणि उरलेला अल्लाह तोंडातच राहिला.

"लवकर आलास," हाज्जा म्हणाली.

"अम्मा, तू... मी गाडीत गादी घालून आणलीय."

"चांगलं केलंस. वर आण. हूरियाला दे. दारात दगडावर बसून तिचे गुडघे गेलेत." मग ती सुनेकडे वळली. "आणि तू रडतेस काय? धर मला. मला आता बसायचंय, पण मी एकटी बसणार नाही. इब्तिहालने अजून बसायचं सांगितलं नाही."

दोघींनी तिला धरून आत नेलं. हमूद मागून आला, कुठे उभं राहावं ते न कळून दारातच घोटाळत राहिला. टीव्हीवर इब्तिहाल हात वर करून, तोंड उघडून थांबली होती. कडं गरगरत होतं.

"दहा व्हायचे राहिलेत," हाज्जा गादीवर टेकत म्हणाली. "हमूदला बघू दे नीट. चालू कर."

हूरियाने जिन्यातल्या खोक्याकडे पाहिलं. या वेळी दिवा आपोआप लागला नव्हता. हाज्जाने इतक्या जोरात ओढलं होतं की प्लग पार बाहेर येऊन लोंबत होता. बसवला, तरी टीव्हीला कॉम्प्युटर दिसेना, म्हणजे तोही वर पुन्हा झोपला असणार.

तिने झगा कमरेला खोचला.

"आता कुठे चाललीस?" मुतह्हरने खालून येत विचारलं.

"गच्चीवर," हूरिया म्हणाली. "आणि कुणी दोरीला हात लावला ना..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. दारावर पुन्हा थाप पडली होती, आणि खोलीत हाज्जा गादीवरून उठायला बघत होती.